मिरचीवर कांडलेली हळद

यंदा पहिली मिरची पाडव्याच्या आधीच आली. मी शटर अर्धंच वर केलं होतं, तर पायरीवर निळी पिशवी मांडीवर घेऊन एक बाई बसलेली. "चालू झाली का वं ताई मशीन?" असं तिनं विचारलं आणि माझ्या हो-नाहीची वाट न पाहता पिशवीचं तोंड उघडून माझ्या नाकाशी धरलं. वाळलेली भिवापुरी मिरची. देठ खुडलेली, तेलाचा हात लावून चोळलेली. तो कोरडा, किंचित गोडसर वास नाकात शिरला आणि मला सणसणीत शिंक आली. झालं, सुरू झाला माझा सीझन. लोकांचा उन्हाळा घामानं सुरू होतो, माझा शिंकेनं होतो.

पांढुर्ण्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत ही कांडप मशीन आहे. होळी झाली की पाऊस लागेपर्यंत आमच्या गल्लीतून कोणी सरळ तोंडानं जात नाही. पुरुष रुमाल धरून जातात, बाया पदर धरून. सातपुड्याकडून दुपारचा वारा सुटला की मिरचीची धूळ बाजारापर्यंत पोचते म्हणे. समोरचे टेलर दर वर्षी मला ऐकवतात, "ताई, तुमच्यापायी गिऱ्हाइकाले वाटते, मी रडून रडून माप घेऊन राहिलो." मी म्हणते, मग माप तरी मनापासून घेत जा, त्या दिवशीचं ब्लाउज काखेत फाटलं. असं आमचं वर्षभराचं प्रेम आहे.

रांगेत बसलेल्या बाया हा तर माझा खरा खजिना. घरात जे बोलता येत नाही ते इथं बोलतात. मशीनच्या आवाजात बोलायचं म्हणून ओरडून बोलतात, आणि मशीन मध्येच थांबली की कोणाच्या तरी सासूबद्दलचं अर्धं वाक्य अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. मग ती बाई जीभ चावते, बाकीच्या पदरात तोंड खुपसून हसतात, आणि मी मुद्दाम दोन क्षण उशिरा बटण दाबते. तेवढी गंमत माझ्या हक्काची आहे.

मला नावं लक्षात राहत नाहीत. पिशव्या राहतात. खताच्या गोणीची शिवलेली पिशवी म्हणजे तिगावची, जुन्या निळ्या परकराची म्हणजे रेल्वे क्वार्टरजवळची, सोनाराच्या दुकानाचं नाव छापलेली म्हणजे ती जिला वाटतं की पिशवी पाहून मी तिचा नंबर आधी लावीन. बाई रस्त्यात भेटली तर मी ओळखत नाही. पिशवी दिसली की तिच्या घरात तिखट किती लागतं, तिचा नवरा जाडं खातो की बारीक, सगळं आठवतं. याच खोडीनं एकदा माझा जीव टांगणीला लागला होता, ते सांगते.

आता माझ्याकडे दोन मशीन आहेत. लाल रंगाची मिरचीची, पिवळ्या रंगाची हळदीची. नवीन आलेले लोक विचारतात, एवढ्याशा खोलीत दोन मशीन कशाला? एकाच मशीनवर भागत नाही का? भागतं. पुष्कळांचं भागतं. पण पिवळ्या मशीनकडे नजर गेली की मला एका वैशाखातली दुपार आठवते, आणि इतकी वर्षं झाली तरी छातीतून "सुटले बाई" असा श्वास निघतो. आनंद काय, मलाही पुष्कळ झाले. मुलगी डॉक्टरकीला लागली तेव्हा झाला, घरावर स्लॅब पडला तेव्हा झाला. पण आनंदाला चार पाहुणे लागतात, पेढे लागतात. सुटल्याचा श्वास एकटीनं घेता येतो, आणि तो जास्त दिवस पुरतो असा माझा अनुभव आहे.

हळदीचं सगळंच वेगळं. मिरची कोणीही घेऊन येतं. लग्नघरची हळद मिरवत येते. ताटात सुपारी, अक्षता, कुंकवाची डबी. आधी मशीनला कुंकू लागतं. हळकुंडाची पहिली मूठ सवाष्णीच्या हातानं पडते. जबड्यात पहिल्यांदा दगड टाकल्यासारखा खडखडाट होतो, मग आवाज मऊ होत जातो, आणि पुढच्या कापडी नळीतून पिवळं पीठ उतरायला लागतं. मिरची घेऊन रांगेत बसलेल्या बाया आपली जागा सोडून ते बघायला येतात. जिचं लग्न होऊन तीस वर्षं झाली तीही येते. काय बघतात कोण जाणे. मीही बघते.

आणि आमच्या धंद्यात एक नियम आहे. मिरचीवर हळद कांडायची नाही. कांडायचीच तर आधी मशीन धुवायची. धुवायची म्हणजे पाण्यानं नव्हे, तांदळाची कणी आतून दोनदा काढायची. पहिल्यांदा कणी लाल बाहेर येते, दुसऱ्यांदा गुलाबी. मन मानलं नाही तर तिसऱ्यांदा. भाजीतली हळद जरा तिखट झाली तर कोणाचं काही जात नाही. पण लग्नाची हळद अंगाला लागते. आधी नवरदेवाच्या तोंडाला लागते, मग त्याची उष्टी हळद वाजतगाजत नवरीकडे जाते आणि तिच्या तोंडाला लागते. तिथं चिमूटभर मिरची म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

त्या वैशाखात लग्नं दाट होती आणि माझ्याकडे एकच मशीन होती. एका संध्याकाळी मिरचीचा घाणा अर्ध्यावर आला असताना लाइट गेली. मशीन धाप टाकून थांबली. वरची मिरची मी हातानं काढून घेतली, पण जाळीत अडकलेली आतच राहिली. सकाळी पहिलं काम हेच करायचं म्हणून मी सुपात दोन किलो कणी मोजली, वर पेपर झाकला आणि सूप मशीनशेजारी ठेवून दिलं. मोठ्यानं स्वतःला बजावलं, "मंदे, उद्या आधी कणी." ओट्यावर गुरुजी बसले होते. गुरुजी म्हणजे आमचे हे. शाळेत मास्तर होते, तेव्हापासून सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. ते म्हणाले, "लिहून ठेव." मी म्हटलं, "मला काय विसरायचा रोग झाला आहे?"

सकाळी लाइट आली तेव्हा पायरीवर पिशव्यांची रांग लागलेली. सगळ्यात पुढं पिवळ्या-हिरव्या चौकड्यांची पिशवी घेऊन एक ठेंगणी, गोरी, घामाघूम झालेली बाई. मोहगावहून आली होती. तिकडची मशीन बंद पडली म्हणून पहिल्या गाडीनं इकडे. "ताई, माह्या भाच्याची हळद हाये आज दुपारी," ती म्हणाली. "मी नवरदेवाची आत्या. नऊची गाडी गेली तं मी कुठचीच नाई." तिनं बोलता बोलता मशीनला कुंकू लावलंही. मागून बाया ओरडायला लागल्या, घ्या ना ताई तिची आधी, लगनघर हाये. तिनं पहिली मूठ टाकली. मी बटण दाबलं.

बस. एवढंच घडलं. मोठ्या चुका करायला काही मोठं करावं लागत नाही.

आणि हळद काय उतरली म्हणता! गर्द, जराशी केशरी, आमच्याकडच्या पिकल्या संत्र्याच्या सालीसारखी. आत्याबाई हरखल्या. "बाप्पा! काय रंग आला वं बाई!" रांगेतल्या बाया चिमटीत घेऊन बघायला लागल्या. दोघी-तिघींना शिंका आल्या, पण आमच्या खोलीत शिंकेचं कोणाला काय कौतुक? मी तोंडानं म्हटलं, "हळकुंडं चांगली आहेत तुमची," आणि मनात म्हटलं, हात कोणाचा लागला आहे! आत्याबाई पिशवी छातीशी धरून गाडीकडे धावल्या. मी पुढं सकाळभर ज्याला त्याला त्या हळदीचं कौतुक सांगत होते.

एक वाजता गर्दी ओसरली. गुरुजींनी चहा आणून ठेवला. कप ठेवायला जागा करायची म्हणून मी सुपावरचा पेपर उचलला. खाली कणी. पांढरीशुभ्र, मी मोजून ठेवली होती तशीच.

मी पेपर परत झाकला आणि परत उचलला. कणी जागची हलली नव्हती. तरी मन मोठं चिवट असतं. म्हणालं, नसेल गं, जाळीत फारशी राहिलीच नसेल. मी मशीनची कापडी नळी झटकली. घडीत सकाळच्या हळदीची चिमूटभर पूड अडकलेली होती. तळहातावर पाण्यात कालवली आणि गालाला लावली. गुरुजी बघत होते. म्हणाले, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "गप्प बसा जरा." पहिल्यांदा काहीच नाही. थंड वाटलं. मला देव आठवायला लागला. आणि मग हळूच, कोणी गालाजवळ काडी पेटवून धरावी तसं सुरू झालं.

मिरचीत जन्म घालवलेली बाई मी. माझा गाल पेटला, तर वीस-बावीस वर्षांच्या पोरीच्या तोंडाचं काय होईल?

खोटं कशाला सांगू, त्यानंतर मी काय विचार केला तेही सांगते. मी विचार केला, कोणाला कळणार आहे? आत्याबाई रंगाची तारीफ करत गेल्या आहेत. तोंड लाल झालं तर म्हणतील ऊन लागलं. फार तर म्हणतील हळकुंडं उष्ण होती. पांढुर्ण्याच्या कांडपवालीचं नाव कोण घेतं? आणि घेतलं तर? मग ही खोली, ही रांग, ह्या पिशव्या... लग्नाच्या हळदीत मिरची घालणारी म्हणून एकदा नाव झालं, की सौंसरपर्यंत एक पिशवी माझ्या पायरीवर येणार नाही. चहा थंड होईपर्यंत मी हाच विचार करत होते. पण गाल काही शांत बसू देईना.

"चला," मी म्हटलं. "कुठं?" "मोहगाव." सगळं सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "फोन नंबर?" कुठला नंबर? बाईचं नाव माहीत नव्हतं मला. पिशवी माहीत होती. पिशवीला फोन कसा लावायचा?

बदली द्यायला म्हणून मी घरच्या डब्यातली हळद पुडीत बांधून घेतली. गुरुजींनी स्कूटर काढली. काढली म्हणजे काय, आधी सीट पुसली. मग टायर दाबून पाहिले. मग पाण्याची बाटली भरायला आत गेले. मी रस्त्यावर उभी राहून ओरडले, "अहो, पोरीचं तोंड जळून राहिलं तिकडं, आन् तुम्ही हवा पाहून राहिले!" समोरचे टेलर दारात आले. गुरुजी शांतपणे हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाले, "पंक्चर झालं तर तुझी ती पोरगी जास्त जळेल." या माणसाशी मला आजवर एकही भांडण धड करता आलेलं नाही.

तो रस्ता मी एरवी शंभरदा गेलेली आहे, पण त्या दिवशीइतका कधी पाहिला नाही. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, झाडांवर सुपारीएवढी हिरवी फळं. उपटलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधांवर. मागं डोंगर धुरकट, उन्हात थरथरणारे. गरम वारा तोंडावर येत होता आणि माझा एकच गाल पेटलेला होता. गुरुजी तीसच्या वर जात नाहीत. बैलगाडी सोडून सगळ्यांनी आम्हाला ओलांडलं. मी मारुतीला नारळ बोलले, देवीला ओटी बोलले, शेवटी म्हटलं, देवा, तुला काय पाहिजे ते तूच सांग, पण त्या पोरीला काही होऊ देऊ नकोस. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. देवाला ठाऊक असेल असं धरून चालले.

हल्ली लग्नाची हळद पिवळ्या मशीनवर निघते, तिथं मिरचीचा वाराही लागत नाही. तरी पहिली चिमूट मी माझ्या गालाला लावते आणि पाच मिनिटं बसून राहते. घाईतल्या बाया कुरकुरतात, तरण्या पोरी हसतात, "ताई, तुमचंच लगन हाये का?" मी म्हणते, हो, दर वर्षी पंचवीस वेळा होतं. नवरदेव तोच, काय करता?

मोहगावात त्या दिवशी दोन मांडव होते. पहिल्या मांडवात शिरलो तर तिथं मुलीकडचं लग्न. दुसऱ्या मांडवाच्या खांबाला पिवळ्या-हिरव्या चौकड्यांची पिशवी लटकलेली दिसली आणि मला सख्खी बहीण भेटल्याइतकं बरं वाटलं. पण मांडव पिवळा सांडलेला होता. हळद होऊन गेली होती. नवरदेव एका खुर्चीत तोंडाला दही फासून बसला होता आणि भोवती मित्र खिदळत होते. कोणीतरी म्हणत होतं, "अबे, आताच दाढी केली ना तू, हळद झोंबतेच!"

मी आत्याबाईंना हाताला धरून विहिरीकडे नेलं आणि एका दमात सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "हळू बोला बाप्पा!" मग म्हणाल्या, "माह्याच घाईनं झालं हे." मी म्हटलं, "ते राहू द्या. उष्टी हळद कुठं आहे?"

"ते तं गेली. रामाकोन्याले, नवरीच्या गावाले. आमचे जावई घेऊन गेले, दोन घंटे झाले."

त्यांनी तिथूनच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. "डीजे चालू असन," त्या म्हणाल्या. "लगनघरी कोन उचलते?" मग माझा हात दाबून म्हणाल्या, "ताई, आता जाऊ द्या. नवरदेवाले जास्त काही झालं नाई ना? थोडं झोंबलं, दही लावलं. तिलेबी लावतीन. ऐन हळदीत असं जाऊन सांगत नसते बाई, अपशकुन म्हनतीन."

मला त्यांचं म्हणणं पटलं. फार पटलं. इतकं सोयीचं बोलणं कोणाला पटणार नाही?

सौंसरच्या अलीकडे फाट्यावर गुरुजींनी स्कूटर थांबवली. एक रस्ता घराकडे, एक रामाकोन्याकडे. मागं न बघता त्यांनी विचारलं, "काय करायचं?" मी म्हटलं, "घरी चला." त्यांनी गाडी हलवली नाही. हेल्मेट काढून घाम पुसला. म्हणाले, "एका वर्षी वार्षिक परीक्षेला एका मुलाची पुरवणी माझ्या पेटीच्या तळाशी राहिली. निकाल लागल्यावर सापडली. तो नापास झाला होता. मी गप्प बसलो." मी लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई, मला हे पहिल्यांदा कळत होतं. "मग?" मी विचारलं. "मग काय. बाजारात भेटतो अधूनमधून. वाकून नमस्कार करतो." त्यांनी हेल्मेट घातलं आणि मला परत न विचारता गाडी रामाकोन्याच्या रस्त्याला लावली. त्या दिवशी प्रथमच काटा चाळीसला टेकलेला मी पाहिला.

डीजे गावाबाहेरूनच ऐकू येत होता. घर शोधावं लागलं नाही. मांडवात आम्ही शिरलो, आणि मला जे पाहायचं नव्हतं तेच समोर होतं. पाटावर नवरी बसली होती. कपाळ, गाल, गळा, हात, सगळं पिवळं. आंब्याच्या पानानं एक बाई तिच्या गुडघ्याला हळद लावत होती.

उशीर झाला होता. मग लक्षात आलं, पोरगी हसते आहे. खळखळून हसते आहे. मैत्रिणीच्या गालाला आपला गाल घासते आहे. ना लाली, ना आग. मला काही समजेना.

बाजूला एक उंच, काळीसावळी बाई उभी होती. सगळ्या मांडवात ती एकटीच हसत नव्हती. सगळ्या तिला विचारून विचारून काम करत होत्या, त्यावरून ही आई असणार हे मी ओळखलं. जवळ जाऊन तिच्या कानाशी म्हटलं, "मी पांढुर्ण्याची. कांडप मशीनवाली. नवरदेवाकडची हळद माझ्याकडे..."

पुढं बोलूच दिलं नाही तिनं. मनगट असं धरलं, की बांगडी रुतली. मला ओढत आतल्या खोलीत नेलं, जिथं रुखवत मांडलं होतं, आणि कडी लावली. "काय माहीत हाये तुम्हाले त्या हळदीचं?" तिनं विचारलं.

मी काही सांगायच्या आत तिनंच आपलं मनगट उलटं करून दाखवलं. तिथं रुपयाएवढा लाल चट्टा होता. "वाटीचं झाकण काढलं तसा मले ठसका आला. हळदीनं कधी ठसका येते का? म्हनून हातावर लावून पाह्यली. त्याइचे जावई मांडवात बसून सरबत पिऊन राह्यले होते. मी तोंडातून शब्द काढला नाई. मागं गेली, घरची हळद कालवली, त्याइच्याच वाटीत घातली आन् पोरीले ते लावली. कोनाले मालूम नाई. तिच्या बाबालेबी नाई."

तिनं पेटीमागून झाकलेली दुसरी वाटी काढली. मोहगावची हळद. केशरी, गर्द.

"तवापासून मी एकच इचार करून राहिली बाई," ती म्हणाली. "जे लोक उष्ट्या हळदीत तिखट घालून पाठवते, त्याइच्या घरी मी पोरगी देऊन राहिली? आजच असं, तं उद्या काय करतीन तिचं? डीजे बंद झाला का तिच्या बाबाले सांगनार होती. लगन मोडा म्हननार होती."

फाट्यावरून आम्ही घराकडे वळलो असतो तर? गुरुजींनी मला परत विचारलं असतं तर? मी खाली बसले आणि सांगितलं. त्यांनी नाही केलं, मी केलं. लाइट गेली, जाळीत मिरची राहिली, कणी मोजून ठेवली आणि विसरले, आत्याबाईंची नऊची गाडी होती. ती डोळे मोठे करून ऐकत होती. "पुन्हा सांगा," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. लाइट, मिरची, कणी, गाडी. "म्हंजे त्या लोकाइनं नाई टाकलं?"

"नाही हो. त्यांचा नवरदेव स्वतः तोंडाला दही लावून बसला आहे. पाहून आले मी."

"दही?"

"दही. मित्र हसत होते त्याला."

"आईची शपथ?"

"आईची शपथ. माझीच चूक. तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलं तरी चालेल. मी बाहेर येऊन कबूल करते."

तिनं पदर तोंडात कोंबला. मला वाटलं, आता शिव्या देईल. तिचे खांदे हलायला लागले. आधी कळेना, हसते आहे की रडते आहे. मग कळलं, दोन्ही. पेटीवर मटकन बसली, माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना म्हणाली, "बरं झालं बाई. तुमच्या हातून झालं, लई बरं झालं."

माझ्या धंद्यात मला लोकांनी पुष्कळ नावाजलं आहे. पण माझ्या चुकीबद्दल कोणी असे हात धरले नव्हते. मीही रडले. दोघी अनोळखी बाया, रुखवताच्या करंज्या-लाडवांमध्ये, कडी लावून रडलो. बाहेर डीजे ठणठणत होता, म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही.

मग तिनं तोंड धुतलं, पदर सारखा केला. ती केशरी हळदीची वाटी मी उचलायला गेले, फेकून देते म्हणून. तिनं माझा हात बाजूला केला. वाटी घेऊन मांडवात गेली. पाटाच्या मागच्या बाजूला लेकीजवळ खाली बसली, आणि बोटाच्या टोकावर जरासं घेऊन तिच्या टाचेला लावलं, जिथं कातडी जाड असते.

पोरीनं मान वळवली. "आई, पायाले काय लावून राहिली?"

"उष्टी हळद हाये तुही. राह्यली होती थोडी."

"आता लावली ना एवढी! पुन्हा कायले?"

"गप बस," आई म्हणाली. "सासरची हाये." आणि तिनं दुसऱ्या टाचेलाही लावली.